पिकअपवरच्या कॅम्परचं खरं भरलेलं वजन कसं काढायचं

हौद्यात बसवायचा कॅम्पर बनवून देणाऱ्याला वजन विचारलं की उत्तर लगेच येतं : 'चारशे-सव्वाचारशे किलो, जास्त नाही.' बहुतेकदा तो खोटं बोलत नसतो. त्याने सांगितलेलं वजन रिकाम्या खोक्याचं असतं. पाण्याची टाकी कोरडी, बॅटरी अजून बसवलेली नाही, गॅस नाही, गादी नाही आणि उकड्या तांदळाची पिशवी तर नाहीच. गोवा-बेळगाव वाटेवरचा चोर्ला घाट मात्र ते रिकामं खोकं चढत नाही. चढतो तो आपला भरलेला संसार.

म्हणून खरं वजन हवं असेल तर गाडी काट्यावर न्यावी लागते. नुसती बेरीज करून भागत नाही, आणि काट्यावरचा एकच आकडाही पुरत नाही. पुढचा एक्सल (चाकांच्या जोडीचा आस) किती, मागचा किती, हे वेगवेगळं कळायला हवं, कारण कॅम्परच्या बाबतीत पहिल्यांदा संपते ती मागच्या एक्सलची मर्यादा. (इथे कॅम्पर म्हणजे बोलेरो कॅम्पर ही गाडी नव्हे. डबल कॅब पिकअपच्या हौद्यात ठेवायची आणि हवी तेव्हा उतरवायची खोली.)

आधी कागद

आरसी काढा. तिच्यावर दोन आकडे असतात : अनलेडन म्हणजे रिकामं वजन आणि लेडन किंवा ग्रॉस म्हणजे जास्तीत जास्त भरलेलं वजन, दोन्ही किलोत. मालवाहू गाड्यांच्या दारावर यूएलडब्ल्यू, आरएलडब्ल्यू म्हणून रंगवलेले असतात तेच हे. आरसीवर ग्रॉस नीट दिसत नसेल तर कंपनीने गाडीवर ठोकलेली पाटी आणि गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहा. मागच्या एक्सलची परवानगीही या दोन ठिकाणीच सापडते.

ग्रॉसमधून रिकामं वजा केलं की क्षमता मिळाली, असं समजून लोक थांबतात. पण आरसीवरचं रिकामं वजन हे कारखान्यातून निघालेल्या गाडीचं असतं. त्यानंतर आपण पुढे गार्ड लावला, हौद्याला लायनर घातला, बाजूला पायऱ्या बसवल्या, रुंद टायर चढवले. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. तीच व्याख्या पुढे असंही म्हणते की, गाडीवर आलटून-पालटून वेगवेगळी बॉडी वापरणार असाल तर रिकामं वजन सर्वांत जड बॉडीसकट मोजायचं. कॅम्परवाल्याने हे वाक्य लक्षात ठेवावं.

आणखी एक : याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. कॅम्पर बोल्ट मारून किंवा वेल्डिंगने कायमचा बसवायचा विचार असेल तर फॅब्रिकेटरकडे आगाऊ पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन या. आपल्याकडे मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. कारागिराने त्याचं नाव ऐकलंय का, हे सहज विचारून पाहावं. बोलण्यावरून माणूस कळतो.

कोणता काटा

गोव्यात काट्यांना तोटा नाही. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात, उसगाव-तिस्क बाजूला, वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत, क्रशरवर, मोठ्या भंगारवाल्यांकडे चौकशी केली की जवळचा काटा सापडतो. पण जवळचा तो बरा असं नाही. काट्याच्या यंत्रावर किंवा त्याच्याजवळ एक छोटी पाटी असते, तिच्यावर मॅक्स, मिन आणि ई असे आकडे असतात. ई म्हणजे तो काटा किती किलोच्या पायरीने वाचतो ते. साठ टनी काटा साधारणपणे १० किलोच्या पायरीने वाचतो, शंभर टनी २० किलोच्या. वीस टन खनिजाला २० किलो म्हणजे काहीच नाही. आपला सगळा हिशेब मात्र पन्नास-साठ किलोंवर येऊन ठेपणार असतो. म्हणून लहान काटा शोधा. ५ किलोच्या पायरीचा मिळाला तर उत्तम. वजनमाप खात्याचं त्या वर्षीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का तेही बघा. अशा काट्यांची दर १२ महिन्यांनी पडताळणी व्हावी लागते.

भर पावसात जाऊ नका. प्लॅटफॉर्मवर पाणी साचलेलं असतं, कडेच्या फटीत चिखल जातो आणि शून्य हलतं. दुपारी जेवणाच्या सुमाराला टिप्परची रांग कमी असते, काटेवालाही दोन मिनिटं बोलतो. काय हवं ते आधीच सांगा : तीन वाचनं, एक पूर्ण गाडीचं, एक फक्त पुढच्या चाकांचं, एक फक्त मागच्या चाकांचं. नाहीतर तो एकच ग्रॉस छापून चिठ्ठी हातात ठेवेल आणि पुढच्या गाडीला हात करेल.

पहिली फेरी : कॅम्परशिवाय

वाटेवरच्या पंपावर टाकी फुल्ल करा. डिझेल लिटरला साधारण ०.८४ किलो भरतं, म्हणजे ८० लिटरची टाकी ६७ किलोंची झाली. 'अर्धी टाकी होती' असं नंतर आठवत बसण्यापेक्षा दोन्ही फेऱ्या फुल्ल टाकीने कराव्यात. जॅक, पाना, दोर, स्टेपनी, म्हणजे गाडीत कायम असतं ते सगळं आत राहू द्या.

प्लॅटफॉर्मवर चढण्याआधी काट्यावर शून्य दिसतंय ना ते खिडकीतून बघा. मग पुढची चाकं चढवा आणि मागची जमिनीवर असताना थांबा. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक सोडलेला, ब्रेकवरचा पाय काढलेला. चाकं ब्रेकने आवळलेली असली की गाडी प्लॅटफॉर्मला ओढते किंवा ढकलते आणि आकडा फसवा येतो. तुम्ही उतरून बाजूला व्हा. आकडा स्थिर झाला की लिहून घ्या. मग पूर्ण गाडी वर, मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची वर.

पुढचं अधिक मागचं ही बेरीज पूर्ण वजनाशी दहा-वीस किलोंच्या आत जुळली पाहिजे. जुळली नाही तर बहुतेकदा काट्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या पातळीत नसतो, गाडी तिरकी उभी राहते आणि वजन सरकतं. तेव्हा पूर्ण गाडीचा आकडा खरा धरा आणि एक्सलसाठी दुसरा काटा शोधा.

घरची वही

काट्यावर कळतं ते एकूण वजन. त्यातलं काय काढता येईल हे वहीत कळतं, म्हणून दोन फेऱ्यांच्या मधे हे काम उरकावं. मासे तोलायचा टांगता डिजिटल काटा आणि बाथरूममधला काटा एवढं पुरतं. जड वस्तू उचलून आपण स्वतः काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

पाणी सर्वांत सोपं आणि सर्वांत जड. लिटरला एक किलो. ७० लिटरची टाकी भरली की एक माणूसच आत झोपवल्यासारखं. सांडपाण्याची टाकी वेगळी असेल तर ती निघताना रिकामी असते, पण येताना भरलेली. पिण्याच्या टाकीतलं पाणी तिच्यात गेलेलं असतं, म्हणून दोन्ही एकदम भरलेल्या धरू नका. मात्र सांडपाण्याची टाकी मागच्या टोकाला बसवली असेल तर परतीच्या वाटेवर वजन मागे सरकलेलं असतं, एवढं वहीत लिहून ठेवा.

बॅटरीवर सर्वांत जास्त बचत होते. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पाणी भरून पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट अकरा-तेरा किलोंत येते, आणि ट्यूब्युलर बॅटरी जेमतेम निम्मी वापरायची असल्यामुळे हाताला लागणारी वीज दोन्हींत जवळपास सारखीच. लिथियम महाग आहे, खरं आहे. पण इथे तुम्ही पैसे वजन कमी करायला देताय.

गॅससाठी घरातला १४.२ किलोचा सिलिंडर लोक बिनदिक्कत आत ठेवतात. लोखंडासकट तो तीस किलोंच्या आसपास असतो. पाच किलोवाला छोटा घ्या. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात आतला गॅस मिळवा.

लाकूड मोजायचं राहून जातं. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा मरीन प्लाय पस्तीस किलोंच्या आसपास असतो, १२ मिलिमीटरचा चोवीस-पंचवीस. सुतार सवयीने घरातल्या कपाटासारखा अठराचा प्लाय आणि वर सनमायका लावायला निघतो. कॅम्परमध्ये जिथे कुणी बसणार नाही तिथे बारा काय, नऊचाही चालतो. सांगितलं नाही तर तो अठराच लावणार, आणि 'मजबूत केलंय' म्हणून कौतुकही तुमच्याकडूनच करून घेणार.

बाकीचं भराभर : सोलर पॅनल आणि फ्रेम, ओनिंग (बाजूला उघडायचं कापडी छप्पर), फ्रिज, शेगडी, गादी, भांडी, किराणा, कपडे, खुर्च्या. आणि चाकाखाली लावायला कुणी चिरा घेतला असेल तर तो आत्ताच अंगणात टाका. एक चिरा तीसेक किलोंचा असतो. त्या कामाला रबराची उटी मिळते.

दुसरी फेरी : खरोखर निघायचं तसं भरून

ही फेरी लोक अर्धवट करतात. पाणी उद्या भरू, कपडे नंतर ठेवू, आणि काट्यावर जातो तो पुन्हा रिकामाच कॅम्पर. चवथीला गावी निघाल्यासारखं सगळं भरा. पाण्याची टाकी काठोकाठ, गॅस भरलेला, फ्रिजमध्ये सामान, टपावर पॅनल, कॅम्पर उतरवायचे चारही जॅक प्रवासात लावून नेणार असाल तर लावलेले. डिझेल पुन्हा फुल्ल. काटा तोच, पद्धत तीच, माणसं खाली.

आता हिशेब. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही भरा. गाडीचं ग्रॉस २,९०० किलो, मागच्या एक्सलची परवानगी १,७०० किलो, व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) ३.१ मीटर.

कॅम्परशिवाय : पुढे १,१२०, मागे ८६०, एकूण १,९८०.
कॅम्परसकट : पुढे १,१५०, मागे १,५६०, एकूण २,७१०.

फरक ७३० किलो. हे कॅम्परचं खरं भरलेलं वजन. कारागिराने ४२० सांगितलं होतं. वहीत पाणी ७०, बॅटरी-इन्व्हर्टर ६७, सोलर २५, ओनिंग २०, फ्रिज १६, गॅस-शेगडी १७, गादी-पांघरुणं १५, भांडी-किराणा २५ अशी २५५ किलोंची भर दिसते. बेरीज ६७५. उरलेले ५५ किलो कुठे गेले? चार जॅक, कॅम्पर बांधायच्या साखळ्या आणि त्या आवळायचे टर्नबकल, हौद्यातली रबरी चटई, वायरिंग, सिलंट आणि वहीत न चढलेल्या पिशव्या. पंचावन्नचा फरक मला चालतो. शंभरच्या वर गेला तर समजा की, कारागिराचा आकडा कपाटं बसवण्याआधीचा आहे.

आता माणसं. दोघं मिळून १४० किलो धरा. पुढच्या सीट साधारण दोन्ही एक्सलच्या मधोमध येतात, म्हणून निम्मं पुढे, निम्मं मागे. पुढचा एक्सल १,२२०, मागचा १,६३०, एकूण २,८५०. ग्रॉसला ५० किलो शिल्लक, मागच्या एक्सलला ७०. बसलं, पण जेमतेम. मागच्या सीटवर मिळून ८० किलोंची दोन मुलं बसली की एकूण २,९३० झालं, म्हणजे तीस किलो जास्त. तेव्हा टाकीत ७० ऐवजी ३० लिटर पाणी घेऊन निघायचं आणि बाकीचं मुक्कामाच्या जागी भरायचं. हे आकडे हातात असले की असा निर्णय घरी पाच मिनिटांत होतो.

गुरुत्वमध्य कुठे पडतो

काट्याच्या त्याच चिठ्ठीतून हेही निघतं, आणि ते कुणी काढत नाही. कॅम्पर चढवल्यावर पुढच्या एक्सलवर किती वाढलं ते घ्या, व्हीलबेसने गुणा, कॅम्परच्या वजनाने भागा. वरच्या उदाहरणात ३० गुणिले ३.१ भागिले ७३०, म्हणजे सुमारे ०.१३ मीटर. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या तेरा सेंटिमीटर पुढे आहे. पुढे असणं चांगलं. उत्तर उणे आलं, म्हणजे कॅम्पर चढवल्यावर पुढचा एक्सल हलका झाला, तर गुरुत्वमध्य एक्सलच्या मागे गेलाय. स्टिअरिंग हलकं लागेल, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर पुढची चाकं हवी तशी धरणार नाहीत. अशी गाडी घाटात नेऊ नये.

काट्याची पायरी इथेही नडते. १० किलोच्या काट्यावर प्रत्येक वाचनात पाच किलो इकडेतिकडे धरले तर ते ३० खरं तर २० ते ४० मधलं काहीही असू शकतं, म्हणजे साडेआठ ते सतरा सेंटिमीटर. दोन्ही टोकांना उत्तर एक्सलच्या पुढेच राहतं, त्यामुळे काळजी नाही. तुमचं उत्तर शून्याच्या आसपास आलं तर मात्र बारीक काट्यावर परत मोजा.

मागे लटकवलेल्या सामानाचा खेळ तर वेगळाच. समजा मागच्या दाराबाहेर, एक्सलपासून दीड मीटर मागे, ४० किलोंची पेटी लावली. मागच्या एक्सलवर वाढतात ४० गुणिले ४.६ भागिले ३.१, म्हणजे जवळपास ५९ किलो, आणि पुढचा एक्सल १९ किलोंनी हलका होतो. मघाचे शिल्लक सत्तर किलो एका पेटीने जवळजवळ संपवले. सायकलींचा स्टँड, डिझेलचे कॅन, मागची शिडी या सगळ्यांना हेच गणित लागू. जड वस्तू पुढे, कॅबच्या भिंतीला चिकटवून आणि खाली. पाण्याची टाकी बसवायची जागा अजून ठरायची असेल तर तिथेच बसवा.

डावी-उजवी बाजू काट्यावर मोजणं कटकटीचं असतं. सपाट जागेवर गाडी उभी करून मागच्या दोन्ही चाकांच्या हबपासून वरच्या कमानीपर्यंत टेपने अंतर घ्या. दोन बाजूंत ठळक फरक असेल तर बॅटरी आणि पाणी एकाच अंगाला आलंय.

टायर बघायला मिनिट लागतं. बाजूवर मापानंतर येणारा आकडा म्हणजे लोड इंडेक्स : १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,०००, ११० म्हणजे १,०६०, ११२ म्हणजे १,१२०. तो एका टायरचा आहे, दुप्पट करा. ११० असेल तर मागची जोडी २,१२० किलो पेलते, उदाहरणातल्या गाडीला भरपूर. मात्र हा आकडा टायरच्या कंपनीने त्या भारासाठी ठरवलेल्या हवेला असतो. कमी हवेवर तो धरू नका. आणि टायर पेलतात म्हणून एक्सलची परवानगी वाढत नाही.

जास्त भरलं तर

कुठल्याही गॅरेजात पहिला सल्ला मिळतो : 'दोन पाटे वाढवून घ्या, टनभर घाला.' पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवल्याने गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, दिसायला बरं दिसतं. आरसीवरचं ग्रॉस तेवढंच राहतं, ब्रेक तेच, एक्सल तोच. चोर्ला किंवा अनमोड घाटातून भरल्या गाडीने उतरताना तापतात ते ब्रेक, पाटे नव्हेत. बसकं निघालेलं सस्पेन्शन दुरुस्त करायला पाटा वाढवणं ठीक. वजनाची परवानगी म्हणून नाही.

२०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवी, केरी, मोले, पोळे, कुठल्याही नाक्यावर गाडी वजनाला घ्यायला सांगण्याचा अधिकार आरटीओच्या अधिकाऱ्यांना कायद्याने आहे. पण कॅम्परच्या बाबतीत उतरवणार काय, गादी?

वजन कमी करायचा क्रम माझ्या मते असा : आधी पाणी, कारण ते फुकट आणि वाटेत मिळतं. मग बॅटरी. मग मागे लटकलेलं सगळं. मग घरी काढून ठेवता येतील असे जॅक. प्लायचं काम कापणं शेवटी, ते खर्चिक. हे सगळं करूनही बसत नसेल तर कॅम्पर त्या गाडीसाठी मोठा आहे. तो विकून लहान घेणं मोठी पिकअप घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पावसाळ्यानंतर परत

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा लाकडात शिरते. दोनशे किलो लाकूडकाम असेल आणि ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर दहा किलो आले. ते पुढे उन्हाळ्यात जातातही. जात नाही ते छताच्या सांध्यातून पॅनलच्या आत गेलेलं पाणी. वरून सगळं कोरडं दिसतं, आतलं इन्सुलेशन मात्र भिजलेलं असतं. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला एकदा कॅम्पर त्याच काट्यावर, तशाच भरलेल्या अवस्थेत न्यावा. सामान तेच असून वीस-तीस किलो वाढलेले दिसले तर वजनाचं सोडा, गळती शोधा. टपावरचे स्क्रू आणि व्हेंटच्या कडा आधी.

काट्याच्या थर्मल चिठ्ठीवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. त्याच दिवशी फोटो काढा, आणि कॅम्परच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा : तारीख, पुढचं, मागचं, एकूण, पाणी किती होतं, माणसं होती की नव्हती.